माळ्यावरची काडतुसे आणि शेतातली डुकरे

भात निसवायला लागले, दाणा दुधात आला, की जिल्ह्यातल्या बैठकीत एक प्रश्न ठरलेला असतो. भाव, वीज, पीककर्ज हे विषय व्यासपीठावरून चालतात. हा प्रश्न मात्र बैठक आटोपल्यावर, चहाच्या वेळी, कोणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतो. "घरात वडिलांच्या वेळची काडतुसे आहेत. डुकरांनी खाचर नांगरल्यासारखे केले आहे. चालतील का ती?" विचारणारा कधी पारोळकडचा असतो, कधी उसगावकडचा, कधी सकवारच्या बाजूचा. पुष्कळदा काडतुसांचा डबा असतो मनवेलपाड्यातल्या मामाच्या किंवा सासऱ्याच्या घरी, आणि डुकरे असतात भाच्याच्या किंवा जावयाच्या शेतात.

प्रश्न बाजूला घेऊन विचारला जातो म्हणून उत्तरही कुजबुजत द्यावे असे नाही. या अंकात ते उघड देत आहोत. चालणार नाहीत. एकही नाही. कोरडी वाटली, चकचकीत दिसली, डब्यावरचे कागद शाबूत असले तरी नाही.

पण एवढे सांगून थांबलो तर ते सरकारी पत्रकासारखे होईल. "अमुक करू नये" असे भिंतीवर चिकटवायचे आणि शेतकऱ्याला रात्री डुकरांच्या तोंडी सोडून द्यायचे, हे आपले काम नाही. जुन्या काडतुसाला हात का लावायचा नाही, ते माळ्यावर आले कसे, आणि शेतकऱ्याचा हात तिकडे कोणी वळवला, या तिन्ही गोष्टी नीट समजून घेऊ.

डबा कुठून आला?

मनवेलपाडा आज विरार पूर्वेचा एक गजबजलेला भाग आहे. खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या, बांधांचे रस्ते झाले, जुन्या ओळखीचे म्हणावे तर तळे तेवढे राहिले. शेती गेली, पण शेतीची हत्यारे सगळीच गेली नाहीत. नांगर मोडून सरपणाला लागला, इरले फाटले. पत्र्याचा डबा मात्र या घरातून त्या घरात, चाळीतून फ्लॅटमध्ये, जसाच्या तसा फिरत राहिला. तो कोणी फेकत नाही, कारण फेकायचा कुठे हे माहीत नाही. कोणी पोलिसांकडे नेत नाही, कारण नेला तर काय होईल याची धास्ती आहे.

हा डबा गुन्हेगारीतून आलेला नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने पिकाच्या राखणीसाठी बंदूक ही शेतकऱ्याची रास्त गरज मानली आहे. कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे, आणि ठासणीची बंदूक पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला वाटले तर गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचाही परवाना देता येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून आपल्या उत्तर कोकणापर्यंत अशा बंदुका शेतकऱ्यांनी रीतसर परवान्यावर घेतल्या. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे; तिथली 'शक्तिमान' छापाची बारा बोअरची काडतुसे खेडोपाडी पोचली. पेटीतली दोन-चार उडाली, उरलेली पुढच्या हंगामासाठी ठेवली गेली. मग म्हातारा गेला. बंदूक कधी जमा झाली, कधी विकली गेली, कधी गंजून पडली. डब्याची आठवण कोणाला राहिली नाही.

बियाण्याची कसोटी आणि काडतुसाची

शेतकऱ्याला जुन्या वस्तूची पारख करायची सवय असते. जुने बियाणे असेल तर तो काय करतो? शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो, किती उगवतात ते पाहतो. ऐंशी उगवले तर ठीक, साठ उगवले तर बियाणे वाढवून पेरतो. उगवण चुकली तर ओळीत खाडा पडतो, नांगे भरता येतात. नुकसान होते, पण ते मोजता येते.

काडतुसाला ही कसोटी लागू पडत नाही. एक काडतूस उडवून पाहिले, चांगले उडाले. म्हणून त्याच डब्यातले दुसरे तसेच उडेल असे मुळीच नाही. डब्याच्या कोपऱ्यातल्या काडतुसाला ओल लागलेली असते, मधल्याला नसते. आणि इथे खाडा पडतो तो ओळीत नाही, हाताच्या बोटांत.

कीटकनाशकाच्या बाटलीवर मुदत संपल्याची तारीख छापलेली असते. काडतुसावर तशी तारीख सहसा सापडत नाही. त्याचे कारण असे की काडतुसाचे आयुष्य किती वर्षे झाली यापेक्षा ते कुठे आणि कसे ठेवले यावर ठरते. थंड, कोरड्या जागी नीट बंद करून ठेवलेली काडतुसे कित्येक वर्षांनीही चांगली उडतात, हे खरे आहे. म्हणून तर गावात एखादा छातीठोकपणे सांगतो, "माझी वीस वर्षांची होती, काही झाले नाही." त्याचे नशीब चांगले. पण आपल्या घरात थंड, कोरडी जागा आहे कुठे? पावसाळ्यात चार महिने मिठाला पाणी सुटते, पापड लवतात, काडेपेटी पेटत नाही. मे महिन्यात पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो. ओल आणि उष्णता हे काडतुसाचे दोन वैरी, आणि वसई तालुक्यातल्या माळ्यावर दोन्ही आळीपाळीने वस्तीला असतात.

आत काय बिघडते?

काडतुसाचे भाग चार. बुडाला आघाताने पेटणारी टोपी, तिच्यापुढे दारू, मग बूच आणि शेवटी छर्रे. हे सगळे एका नळकांड्यात. जुन्या काडतुसांचे नळकांडे कागदाचे असे, नंतर प्लास्टिकचे आले. कागदाचे नळकांडे ओल धरते, फुगते, बंदुकीच्या कोठीत अडकते. पितळी बुडाला हिरवट कळा चढते. टोपीतले रसायन ओलीने मंदावते. कोणी शहाणपणाने काडतुसांना तेल पुसून ठेवतात, ते तर आणखी वाईट. तेल टोपीच्या कडेने झिरपून आत जाते आणि टोपी मारते.

बिनधुराची दारू ज्या पदार्थापासून बनते तो मुळातच सावकाश विघटन पावणारा आहे. हे विघटन रोखण्यासाठी त्यात एक स्थिरक मिसळलेला असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने स्थिरक संपत जातो. मग दारूला आंबूस, नाकाला झोंबणारा वास येतो, तांबूस वाफ दिसते. असा मोठा साठा आपोआप पेटल्याची उदाहरणे जगभरच्या दारूगोळ्याच्या कोठारांत घडलेली आहेत. आपल्या डब्यात दहा-वीस काडतुसे असतात हे खरे, पण डबा असतो स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर.

अशा बिघडलेल्या काडतुसाने तीन तऱ्हा होतात.

पहिली, बार उडतच नाही. चाप ओढला, टक्क असा आवाज झाला, पुढे काही नाही. समोर डुक्कर असेल तर हाच प्रसंग पुरेसा आहे.

दुसरी, बार उशिरा उडतो. टोपी मंद पेटते, दारूला आग लागायला वेळ जातो. माणूस समजतो की काडतूस मेले, बंदूक उघडायला जातो किंवा नळी सोबत्याकडे वळवतो, आणि तेवढ्यात ते उडते. म्हणून कोणत्याही काडतुसाने, नव्या काडतुसानेसुद्धा, दगा दिला तर नळी निर्धोक दिशेला धरूनच सावकाश शंभरपर्यंत आकडे मोजावेत, मग तोंड बाजूला ठेवून बंदूक उघडावी.

तिसरी तऱ्हा सर्वांत वाईट. बार फुसका निघतो. दारू अर्धवट जळते, आवाज दबका होतो, आणि बूच किंवा छर्रे नळीतच अडकतात. डुक्कर समोर असते, माणूस घाईत असतो, तो दुसरे काडतूस घालून चाप ओढतो. दुसरा बार पहिल्याच्या अडथळ्यावर आपटतो आणि नळी फुटते. जिथे डावा हात असतो नेमकी तिथे फुटते.

याखेरीज मापाचा घोटाळा असतोच. जुन्या डब्यात वेगवेगळ्या बंदुकांची काडतुसे एकत्र झालेली असतात. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत घातले तर ते पुढे सरकून अडकते, कोठी रिकामी दिसते, आणि वरून बारा बोअरचे घातले की अनर्थ होतो. लहान कोठीच्या जुन्या बंदुकीत लांब काडतूस घालणेही असेच घातक. काळ्या दारूसाठी बनवलेली आजोबांची नळी बिनधुराच्या दारूचा दाब सोसेलच असे नाही.

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट थोडी वेगळी. तिची काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. कोरडी राहिली तर ती पुष्कळ टिकते. पण एकदा ओल लागली आणि पुन्हा वाळली की तिचे खडे होतात, सोरा वेगळा होतो. मग मापाने भरलेला बार आज मिळमिळीत तर उद्या भलताच निघतो. ही दारू उन्हात, चुलीजवळ, तव्यावर वाळवण्याचा उद्योग कोणी करू नये. ओली दारू पेटत नाही. वाळवता वाळवता कधी पेटेल हे सांगता येत नाही. दुसरी वाईट सवय म्हणजे बंदूक ठासून कोपऱ्यात उभी करून ठेवणे. गेल्या हंगामात ठासली होती की नाही हे आठवत नाही, म्हणून त्यावर दुसरा बार ठासला जातो. आणि घरात पोरे असतात.

अर्धा बार आणि पुरे जनावर

कोणी म्हणेल, उडाला तर उडाला, निदान डुक्कर पळेल तरी. रानडुकराची जात ज्याने जवळून पाहिली आहे तो असे म्हणणार नाही. मोठ्या नराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीचे कवच असते. मंद दारूने ढकललेले छर्रे तिथे रुततात, आत जात नाहीत. जनावर मरत नाही, ते जखमी होते. जखमी डुक्कर करवंदीच्या जाळीत दडते आणि सकाळी गवत कापायला आलेल्या बाईच्या अंगावर येते. ज्याने बार टाकला तो घरी झोपलेला असतो. भोगणारी दुसरीच असते.

एक डुक्कर मेल्याने कळप हटत नाही, हेही सांगायला हवे. मादी साधारण चार महिन्यांत विते आणि एका वेळी चार-सहा पिले देते. कळप माद्यांचा असतो, एकटा फिरणारा नर असतो. रात्री दिसतो तो बहुधा हा एकटा नर, आणि लोक त्यालाच टिपायला बघतात. खाचर उलटणारा कळप दुसऱ्या रात्री परत येतो.

बोरशेतीचा धडा

जानेवारी २०२५ च्या अखेरीस आपल्याच जिल्ह्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात, रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या टोळीत काय झाले ते सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे. झाडीत हालचाल दिसली, डुक्कर समजून बार टाकला, आणि तो सोबतच्याच माणसाला लागला. माणूस मेला. भीतीपोटी प्रकरण दडवले गेले आणि काही दिवसांनी पोलिसांपर्यंत पोचले. मेलेला गेला, उरलेले कोर्टात गेले. दोन्हीकडची घरे उघडी पडली.

हे का घडले? माणसे वाईट होती म्हणून नाही. सगळा व्यवहारच अंधारातला होता म्हणून. परवानगी नाही, म्हणून बॅटरी लावायची नाही. कोणाला सांगायचे नाही, म्हणून कोण कुठे बसला आहे याचा मेळ नाही. अपघात झाला तर दवाखान्यात न्यायचे नाही, कारण तिथे पोलीस विचारतील. माळ्यावरची काडतुसे याच अंधाराचा भाग आहेत. ती वापरणारा माणूस बोटे गमावली तरी खरे सांगू शकत नाही.

कायदा काय म्हणतो हे स्पष्ट ठाऊक असावे. परवान्याशिवाय बंदूकच नव्हे, नुसती काडतुसे बाळगणे हाही गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन वर्षे आणि कमाल पाच वर्षे कैद आहे. परवानाधारक वारला किंवा परवान्याची मुदत संपली, तर कलम २१ प्रमाणे शस्त्र आणि दारूगोळा विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा लागतो. "वडिलांचे होते" हे उत्तर कायद्यात बसत नाही. वन्यजीव कायदा १९७२ चा. त्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि रानडुक्कर आता दुसऱ्या परिशिष्टात आहे. लेखी परवानगीशिवाय त्याला मारणे ही शिकार ठरते. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेले तर गुन्हा नाही. पण मुळात विनापरवाना शिकारीला निघालेल्याला ही सवलत मिळत नाही.

शेतकऱ्याचा हात डब्याकडे कोणी वळवला?

आता दुसरी बाजू. शेतकरी हौसेने जुने काडतूस घालत नाही. नवे मिळण्याचा रस्ता सरकारने एकेक दगड टाकून बंद केला, म्हणून तो जुन्याकडे वळतो.

पहिला दगड, परवान्याचे दार. आपला जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. वसईचे पोलीस १ ऑक्टोबर २०२० ला नव्या आयुक्तालयाखाली गेले. ज्याच्या आजोबांच्या परवान्यावर ठाण्याचा शिक्का आहे त्याने नूतनीकरणाला कुठल्या दारात उभे राहायचे, हे आधी शोधावे लागते. या शोधात हंगाम जातो. हंगाम गेला की मुदत जाते, आणि मुदत गेली की काल कायदेशीर असलेला डबा आज बेकायदा होतो.

दुसरा दगड, अभयारण्य. तुंगारेश्वर २००३ साली अभयारण्य झाले, सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वन विभागाकडे नोंदणी करायची असते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची आधी संमती लागते. तालुक्याच्या पूर्वेचा सगळा शेतीचा पट्टा या दहा किलोमीटरांत येतो. म्हणजे जिथे डुकरे सर्वांत जास्त, तिथे परवाना सर्वांत अवघड.

तिसरा दगड, निवडणूक. विधानसभेची आचारसंहिता २०१४ मध्ये १२ सप्टेंबरला लागली, २०१९ मध्ये २१ सप्टेंबरला, २०२४ मध्ये १५ ऑक्टोबरला. तिन्ही वेळा शेतात भात उभे होते किंवा कापणीला आले होते, आणि तिन्ही वेळा ही बंदुका जमा करून घेण्याची वेळ होती. सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करा असा नियम नाही. छाननी समितीने एकेकाचे प्रकरण पाहून ठरवायचे असते. पण बीट हवालदाराचा निरोप आला की म्हातारा शेतकरी छाननी समितीचे नाव घेत बसत नाही. बंदूक नेऊन देतो. डुकरांना आचारसंहिता लागू नसते.

चौथा दगड, मारण्याची परवानगी. कलम ११ मध्ये उभ्या पिकाला धोका झालेले जनावर मारण्याची परवानगी देण्याची तरतूद आहे. जुलै २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत हे अधिकार खालच्या अधिकाऱ्यांपर्यंत आणले. कागदावर चांगले झाले. पण परवानगी घेणाऱ्याकडे चालू परवान्याची बंदूक आणि ताजी काडतुसे नसतील तर त्या कागदाची पुडी बांधायची काय? चंद्रपुरात रानडुकरे मारण्याची मोहीम झाली तेव्हा बाहेरचे नेमबाज आले, आणि जून २०१६ मध्ये त्यावरून केंद्रातल्याच दोन मंत्र्यांत जाहीर भांडण झाले. बिहारमध्ये मोकामाला त्याच सुमारास रोह्यांच्या बाबतीत तेच. दिल्लीत भांडण रंगले. शेतात पीक कोणाचे गेले हा प्रश्न कोणी विचारला नाही.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे कलम ३९. परवानगी घेऊन, स्वतःच्या बंदुकीने, स्वतःच्या पैशाच्या काडतुसाने डुक्कर मारले तर मेलेले डुक्कर सरकारच्या मालकीचे होते! मेल्यावर ते सरकारी मालमत्ता आहे, तर जिवंतपणी खाचर उलटत होते तेव्हा कोणाचे होते? सरकारचा बैल दुसऱ्याच्या शेतात शिरला तर सरकार भरपाई देणार की नाही? भरपाईचा अर्ज, पंचनामा, फोटो, सातबारा, बँक पासबुक यांच्या फेऱ्यात अर्ध्या एकराच्या भाताची भरपाई एसटीच्या तिकिटात संपते. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेले पिकाचे नुकसान पीक विम्यात घेण्याचे जाहीर केले, ७२ तासांत मोबाइलवरून फोटोसह कळवण्याच्या अटीवर. ते स्वागतार्ह आहे. पण विमा हा राखणीला पर्याय नाही. पिकवलेले पीक घरी यावे ही शेतकऱ्याची मागणी आहे. पिकाच्या प्रेताचे पैसे मिळावेत ही त्यानंतरची.

दोन आक्षेप

शहरातले निसर्गप्रेमी म्हणतील, जंगल तोडले म्हणून डुकरे शेतात आली. तोडणारे कोण? महामार्ग, खाणी, वसाहती कोणी आणल्या? शेतकऱ्याने नाही. आम्ही जंगलाचे वैरी नाही. गावठी बाँब पेरून, विजेच्या तारा सोडून, विष घालून जनावर मारण्याला आमचा ठाम विरोध आहे. त्यात गुरे, कुत्री आणि माणसेही मरतात. उघड, मोजून, लेखी, जबाबदार माणसाच्या हातून होणारी राखण ही चोरट्या शिकारीपेक्षा जंगलालाही हिताची आहे. केरळने २०२२ मध्ये रानडुकराच्या बाबतीत परवानगीचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांपर्यंत आणला. तिथला निर्णय इथे का नको, याचे उत्तर द्यावे.

आपल्यातले काही म्हणतील, "तुम्ही काडतुसे जमा करा म्हणता, म्हणजे शेतकऱ्याला निःशस्त्र करता." उलट आहे. बिघडलेले काडतूस हे शस्त्र नव्हे. ते वापरणाऱ्याच्या विरुद्धच उलटते, आणि सापडले तर खटलाही त्याच्यावरच होतो. हक्काची मागणी करायची तर हात स्वच्छ हवेत, आणि हाताला पाचही बोटे हवीत.

काय करायचे

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, यात घरातल्या बायकांनी पुढाकार घ्यावा. माळ्यावर काय आहे हे पुरुषांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असते. डबा सापडला तर तो उघडून हाताळू नका, काडतूस फोडू नका, चुलीत किंवा कचऱ्यात टाकू नका, विहिरीत-तळ्यात सोडू नका, शेतात पुरू नका. लहान मुलांपासून दूर, चुलीपासून दूर, आहे तिथे राहू द्या. जुना परवाना, मृत्यूचा दाखला, जे कागद असतील ते काढा. दोन प्रतींत अर्ज लिहा, पोलीस ठाण्यात कळवा, पोच घ्या. एकट्याने जायचे नाही. गावातले चार-पाच जण आणि आपला कार्यकर्ता बरोबर असावा. काडतुसे सुजलेली, हिरवी पडलेली, वास येणारी असतील तर पिशवीत घालून बसमधून नेऊ नका. पोलिसांनाच येऊन न्यायला सांगा.

ज्यांचा परवाना चालू आहे आणि वय झाले आहे त्यांनी वारसाचे काम हयातीतच करावे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे वयाची सत्तर वर्षे झाल्यावर किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर ते वारसाच्या नावे करण्याचा अर्ज देता येतो. म्हातारा गेल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हे बरे.

सरकारकडे मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. जिल्ह्याच्या बैठकीत त्यावर चर्चा व्हावी आणि ठराव व्हावेत.

१. जुनी काडतुसे, दारू आणि टोप्या जमा करण्यासाठी ठरावीक मुदत जाहीर करावी आणि त्या मुदतीत जमा करणाऱ्यावर खटला भरू नये. ऑस्ट्रेलियाने १९९६-९७ मध्ये अशा मुदतीत साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका गोळा केल्या. आपल्या देशात फेब्रुवारी २०२५ मध्ये मणिपूरच्या राज्यपालांनी लुटलेली शस्त्रे शिक्षेविना जमा करण्याची मुदत दिली. लुटलेल्या शस्त्रांना जी सवलत मिळते ती आजोबांच्या डब्याला का मिळू नये?

२. पीक संरक्षणाच्या परवान्यांचे नूतनीकरण आणि वारस नोंद पावसाळ्यापूर्वी तालुक्याच्या ठिकाणी शिबिर भरवून करावी.

३. चालू परवानाधारकाला दर हंगामाआधी ताजी काडतुसे तालुक्यात, ठरलेल्या किमतीत मिळावीत, आणि उरलेली जुनी तिथेच परत घेतली जावीत. खताच्या दुकानात होते ते काडतुसाबाबत अशक्य नाही.

४. निवडणुकीत पीक संरक्षणाची बंदूक जमा करायला लावताना छाननी समितीचा त्या शेतकऱ्यापुरता लेखी आदेश द्यावा. तोंडी निरोपावर बंदूक घेऊ नये.

५. रानडुकराच्या बंदोबस्ताची परवानगी ठरावीक तासांत द्यावी, किंवा नाकारल्याचे कारण लेखी द्यावे. बंदोबस्ताच्या रात्री वनरक्षक हजर असावा. अभयारण्याच्या हद्दीवरच्या गावांत हे काम वन विभागाने स्वतःच्या खर्चाने करावे.

६. भरपाई पंचनाम्यानंतर ठरलेल्या मुदतीत मिळावी. मुदत टळली तर व्याजासह.

यातली एकही मागणी भिकेची नाही. कायद्याने जे मान्य केले आहे ते व्यवहारात उतरवा, एवढेच म्हणणे आहे.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन आकडे आणावेत. गावात पीक संरक्षणाचे चालू परवाने किती, आणि मुदत संपलेले किंवा मालक वारलेले किती. कोणाच्या घरी डबा आहे याची नावे आणू नयेत, विचारूही नयेत, आकडे पुरेत. ते हातात घेऊन आपण पोलीस आयुक्तालयात आणि वन विभागात जाऊ. तोपर्यंत ज्या घरात डबा आहे त्याने या हंगामात राखणीला ताशा, डबे, मशाली आणि सोबतीला शेजारी घ्यावा. खाचरातले भात पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहील.